पोर्टलंडचा एक टक्का: हवामान आराखड्याची तिजोरी कोणाच्या हाती?

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात डॉसन पार्क नावाची एक छोटी बाग आहे. बागेत उघडा मंडप, आणि मंडपाच्या माथ्यावर एक जुना घुमट. हा घुमट या मंडपासाठी घडवलेला नाही. तो जवळच्याच विल्यम्स आणि रसेल या रस्त्यांच्या चौकातल्या हिल ब्लॉक नावाच्या इमारतीचा. 1970 च्या सुमारास ती इमारत आणि आसपासची सुमारे 300 घरं-दुकानं एमॅन्युएल रुग्णालयाच्या विस्तारासाठी पाडली गेली. बहुतेक घरं कृष्णवर्णीयांची होती. पाडकाम उरकलं आणि मग केंद्र सरकारचा निधी आटला. विस्तार रखडला. मोकळ्या केलेल्या जागेवर कितीतरी वर्षं नुसतं गवत वाढत राहिलं. इमारतीतलं हाती राहिलं ते एवढंच, घुमट.

हवामान कृती आराखड्यावर लिहायला बसले आणि सुरुवात घुमटापासून केली, कारण या शहरात ऊन कुठे जास्त लागतं हे शोधायला निघालं की वाट फिरून फिरून याच इतिहासाशी येते.

मी पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टनमध्ये राहते. चिप बनवणाऱ्या उद्योगामुळे आमच्या बाजूला मराठी घरं बरीच आहेत. गणपती होतात, दिवाळीचे फराळ होतात, मुलांची मराठी शाळा भरते. नदीपलीकडच्या, पूर्वेकडच्या पोर्टलंडशी आमचा संबंध मात्र विमानतळाला जाण्यापुरता. माझाही बरीच वर्षं तेवढाच होता. हवामान आराखड्यात वांशिक समन्याय, म्हणजे वंशामुळे डावललेल्यांना न्याय्य वाटा, आणायचा तर नेमकं काय करायचं, हा प्रश्न आज कितीतरी शहरांपुढे आहे. पोर्टलंडने तो दोनदा सोडवायचा प्रयत्न केला. आधी आराखड्यात लिहून, मग तिजोरी उभी करून. या दोन प्रयत्नांमधलं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं.

वस्ती कुठे बसली

ओरेगन हे कृष्णवर्णीयांना बंदी घालून वसलेलं राज्य. 1844 मध्ये पहिला बहिष्काराचा कायदा झाला, 1849 मध्ये दुसरा, आणि 1857 च्या राज्यघटनेत कृष्णवर्णीयांनी इथे येऊन राहू नये, जमीन घेऊ नये असं कलमच घातलं गेलं. ते 1926 साली निघालं. घटनेत उरलेले वंशभेदी शब्द काढायला 2002 चं मतदान उजाडावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीला हात कमी पडले तेव्हा हेन्री कायझर या उद्योगपतीने 1942 मध्ये कोलंबिया नदीकाठच्या सखल जमिनीवर व्हॅनपोर्ट नावाची कामगारवस्ती उभी केली. ऐन भरात तिथे 40,000 लोक राहत होते. 30 मे 1948 रोजी, रविवारी, नदी फुगली होती. बांध सुरक्षित आहेत, गरज पडली तर सूचना देऊ, घाबरू नका, असं पत्रक त्या दिवशी घरोघरी वाटलं गेलं. दुपारी सव्वाचारच्या सुमारास बांध फुटला. 15 माणसं गेली, साडेअठरा हजार बेघर झाली. त्यांतले सुमारे सहा हजार कृष्णवर्णीय होते, आणि शहरात त्यांना घर मिळण्याजोगा जवळजवळ एकच भाग होता: अल्बिना.

अल्बिनाची हद्द आधीच आखलेली होती. 1930 च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज द्यायला उत्तम भाग हिरवा, धोक्याचा भाग लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती असणं हेच धोक्याचं लक्षण मानलं गेलं. लाल भागात घराला कर्ज नाही, म्हणून डागडुजी नाही, म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून पुढे हमरस्ता काढायचा झाला की जमीन तिथलीच. 1960 च्या सुमारास अल्बिनात मेमोरियल कलिझियम हे क्रीडागृह आलं, मग पाच क्रमांकाचा महामार्ग आला, मग रुग्णालयाचं पाडकाम.

मराठी वाचकाला हे उलगडून सांगायला फार शब्द लागू नयेत. वंश आणि जात या गोष्टी वेगळ्या आहेत, दोन्हींची एकमेकींशी मोडतोड करून बरोबरी लावू नये, हे मी जाणते. पण गावकूस, वेस, कोणाचा पाणवठा कुठे, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. जमीन आणि माणसाची पायरी यांची सांगड कशी घातली जाते, हे आपण घरच्या घरी शिकलोय.

1990 नंतर अल्बिनाचे दिवस पालटले. शहराच्या मध्याशी जवळ, जुनी देखणी लाकडी घरं, स्वस्त भाव. गोरी तरुण मंडळी आली, भाडी चढली, आणि हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं पूर्वेकडे सरकली, 82 व्या अव्हेन्यूच्याही पलीकडे. तिथल्या भागाला लोक 'द नंबर्स' म्हणतात, कारण रस्त्यांना नुसते आकडे. हा बराचसा भाग 1980-90 च्या दशकांत शहराच्या हद्दीत घेतला गेला. हद्द वाढली, पदपथ आले नाहीत. रुंद रस्ते, वाहनतळांचं डांबर, दुमजली भाड्याच्या चाळवजा इमारती, आणि सावली नावाला. आज शहराच्या मधून वाहणाऱ्या विलामेट नदीच्या पश्चिमेला निम्म्याहून जास्त जमिनीवर झाडांचं छत्र आहे. पूर्वेला ते जेमतेम एक पंचमांश.

कागदावरचा समन्याय

हवामानाच्या बाबतीत पोर्टलंड पहिल्यापासून आघाडीवर. कार्बन कमी करण्याचं धोरण करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर, 1993 मध्ये. पुढे 2009 साली शहर आणि मल्टनोमा काउंटी (शहर ज्यात येतं तो जिल्हा) यांनी मिळून आराखडा केला: 2050 पर्यंत उत्सर्जन 80 टक्क्यांनी खाली. सायकलमार्ग, ट्राम, पायी पोचता येईल अशी बाजारपेठ. नगरनियोजनाच्या परिषदांत पोर्टलंडचं नाव आदराने घेतलं जाई.

त्या कौतुकात काय राहून गेलं ते कळलं विल्यम्स अव्हेन्यूवर. हाच तो घुमटाजवळचा रस्ता. 2011 पर्यंत त्यावरून दिवसाला सुमारे 3,000 सायकली धावत होत्या. सायकलपट्टी अरुंद, बस आणि सायकल एकमेकींना आडव्या जात. महापालिकेने सुरक्षिततेचा प्रकल्प हाती घेतला, नागरिकांची समिती नेमली. समितीत बहुतेक चेहरे गोरे. बैठकीत जुने कृष्णवर्णीय रहिवासी उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की आम्ही इतकी वर्षं याच रस्त्यावर सुरक्षितता मागत होतो, आमची मुलं इथेच रस्ता ओलांडत होती, तेव्हा पैसे का नव्हते? सायकलवाले आल्यावर कसे आले?

अधिकारी गडबडले, पण त्यांनी एक चांगली गोष्ट केली. काम थांबवलं. समिती मोठी केली, तिच्यात कृष्णवर्णीय रहिवासी घेतले, आणि रस्त्याच्या रुंदीची चर्चा बाजूला ठेवून आधी रस्त्याचा इतिहास ऐकून घेतला. काम 2014 मध्ये झालं. सायकलपट्टी आता मोठी आहे, आणि पुढे रस्त्याकडेला अल्बिनाच्या जुन्या दिवसांच्या आठवणी चित्रांतून लावल्या गेल्या. ती चित्रं पाहायला थांबणाऱ्यांत मी कितीदा तरी होते. ज्यांच्या आठवणी आहेत त्यांतले बरेच जण आता तिथे राहत नाहीत, हे प्रत्येक वेळी टोचतं.

या प्रकरणाने सरकारी कचेऱ्यांत खरोखर फरक पडला असं मला वाटतं. 2015 चा आराखडा करताना सामाजिक संस्थांचा एक समन्याय गट बसवला गेला, त्यांना वेळेचा मोबदला दिला गेला, आणि आराखड्यातली प्रत्येक कृती नऊ कसोट्यांवर घासली गेली. या कृतीचा बोजा कोणावर जास्त पडेल? फायदा कोणाला? ती लोकांना परवडेल का, पोचेल का? ठरवताना कोण होतं? काम कोणाला मिळेल? जाब कोण विचारणार? हे सगळं मुळातून वाचण्यासारखं आहे. अशा कसोट्या आपल्या कुठल्याही महापालिकेने उचलून घ्याव्यात.

पण कसोटीला पैसा जोडलेला नव्हता. आराखड्यात वाक्य असायचं की अल्प उत्पन्न गटातल्या घरांना ऊर्जाबचतीसाठी मदत करावी. कोणत्या खात्यातून, कोण मंजूर करणार, यावर वाक्य गप्प. अंदाजपत्रकाच्या वेळी पोलीस, अग्निशमन, रस्ते यांच्या रांगेत हे वाक्य शेवटी उभं राहायचं. नऊ कसोट्या पार केलेली कृती दहाव्या ठिकाणी, खजिन्याच्या दारात, अडायची.

मतपेटीतून आलेला निधी

ज्या संस्था त्या बैठकांत बसल्या होत्या त्यांनीच हे सर्वांत आधी ओळखलं. वर्डे ही त्यांतली एक. उत्तर-पूर्वेच्या कली भागात, जुन्या कचराभूमीवर, तिने शेजारच्या लोकांना हाताशी धरून 25 एकरांची बाग उभी केली, 2018 मध्ये ती खुली झाली. वर्डेचा आग्रह असा की गरीब वस्तीत झाड लावायचं तर खड्डा खणायची मजुरीही त्याच वस्तीत राहिली पाहिजे. आशियाई समाजाची एपॅनो, कृष्णवर्णीयांची एनएएसीपी, मूलनिवासींची नाया, आणि त्यांच्या बरोबरीने सिएरा क्लबसारख्या पर्यावरणसंस्था अशी आघाडी झाली. एरवी इथल्या पर्यावरण चळवळीत गोऱ्या संस्था मसुदा करतात आणि इतरांना सह्यांसाठी बोलावतात. या वेळी मसुद्याची लेखणी गोरेतर संस्थांच्या हातात होती, आणि पर्यावरणसंस्था पाठिंब्याला उभ्या होत्या.

त्यांनी महापालिकेकडे अर्ज केला नाही, सह्या गोळा करून थेट मतदानाला प्रस्ताव आणला. प्रस्ताव क्रमांक 26-201. देशभरात वर्षाला 100 कोटी डॉलरहून अधिक विक्री असलेल्या आणि पोर्टलंडमध्ये 5 लाख डॉलरहून अधिक विक्री करणाऱ्या किरकोळ विक्रेत्यांनी आपल्या पोर्टलंडमधल्या विक्रीवर एक टक्का अधिभार भरायचा. किराणा आणि औषधं वगळलेली. ओरेगनमध्ये विक्रीकर मुळातच नाही, त्यामुळे मोठ्या दुकानांना हा धक्का होता आणि त्यांनी विरोधात भरपूर पैसा ओतला. 6 नोव्हेंबर 2018 रोजी सुमारे 65 टक्के मतदारांनी प्रस्ताव मान्य केला. त्याच दिवशी जो ॲन हार्डेस्टी नगर परिषदेवर निवडून आल्या, शहराच्या इतिहासातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य. प्रस्तावासाठी राबलेल्या खान्ह फाम पुढे 2020 मध्ये राज्याच्या विधानसभेत गेल्या.

ज्या शहरात कृष्णवर्णीय लोकसंख्या जेमतेम सहा टक्के, तिथे 65 टक्के मतं कशी मिळाली, याचा विचार करण्यासारखा आहे. मला तरी यात दोन गोष्टी दिसतात. एक, कर बड्या दुकानांवर होता, शेजाऱ्यावर नव्हता. दुसरी, प्रस्तावात हवामान, रोजगार आणि घराचं वीजबिल एकाच वाक्यात होतं. घराच्या भिंतीत उष्णतारोधक भरणं, छतावर सौर पट्ट्या, झाडं, कामगारांचं प्रशिक्षण: ज्याला जे कळेल ते त्याने उचललं.

खरी करामत कायद्याच्या तपशिलात आहे. पैशाच्या वाटण्या कायद्यातच लिहिल्या होत्या: 40 ते 60 टक्के ऊर्जाबचत आणि अपारंपरिक ऊर्जेला, त्यातला किमान निम्मा अल्प उत्पन्न गट आणि गोरेतर समाजाच्या वाट्याला, 20 ते 25 टक्के रोजगार-प्रशिक्षणाला, 10 ते 15 टक्के हिरव्या पायाभूत कामांना. अनुदान बिगर-नफा संस्थांना. शिफारस करायला नऊ जणांची नागरिक समिती, आणि त्यांत किमान दोघं 82 व्या अव्हेन्यूच्या पूर्वेला राहणारी. एवढं एक कलम मला त्या नऊ कसोट्यांइतकंच मोलाचं वाटतं. 'सर्वसमावेशक सहभाग' असं लिहिलं असतं तर त्याचे पन्नास अर्थ निघाले असते. रस्त्याचा आकडा लिहिला की पळवाट राहत नाही.

28 जून 2021

निधी गोळा व्हायला लागला, पहिली अनुदानं एप्रिल 2021 मध्ये मंजूर झाली: 45 प्रकल्प, 86 लाख डॉलर. दोन महिन्यांनी ते ऊन आलं.

शनिवारी 108 अंश फॅरनहाइट, रविवारी 112, सोमवारी 116. सोमवारचा आकडा म्हणजे 46.7 अंश सेल्सिअस. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. पण नागपूरला मे महिन्याची तयारी मार्चपासून होते: कूलरला वाळ्याची नवी ताटी लागते, दुपारी रस्ते ओस पडतात, कांदा खिशात असतो. पोर्टलंड हे पावसाचं, थंडीचं गाव. इथली जुनी घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, आणि कित्येक घरांत पंखादेखील नव्हता. ट्रामच्या तारेचं आवरण वितळलं. लोकल गाड्या बंद पडल्या. महापालिका आणि काउंटीने लोकांना बसायला गारव्याची केंद्रं उघडली होती, पण ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनी तिथे जायचं कसं?

आमच्या घरात त्या सोमवारी वातानुकूलन चालू होतं. मुलं पडदे ओढून चित्रपट बघत होती. मी हे अपराधीपणाने लिहीत नाही, पण लिहायला हवं म्हणून लिहिते.

त्याच दिवसांत पोर्टलंड स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक विवेक शांडस गाडीला तापमापक लावून शहरात फिरत होते. शहरी उष्णता हा त्यांचा अभ्यासाचा विषय. एक वर्ष आधी, 2020 मध्ये, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 108 शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता: 1930 च्या नकाशांतले लाल भाग आज सरासरी 2.6 अंश सेल्सिअसने जास्त तापतात, आणि पोर्टलंडसारख्या शहरांत हा फरक 7 अंशांच्या आसपास जातो. आता ऐन उन्हात पूर्वेकडच्या लेंट्स भागात त्यांच्या तापमापकाने हवेचं तापमान 124 अंश फॅरनहाइट दाखवलं. पश्चिमेच्या डोंगरउतारावरच्या, गर्द झाडीतल्या विलामेट हाइट्समध्ये 99. एकाच दुपारी, एकाच शहरात 25 अंशांचा फरक. सेल्सिअसमध्ये सांगायचं तर 51 आणि 37.

लेंट्सला उभं राहिलं की कारण डोळ्यांनी दिसतं. एका अंगाला 205 क्रमांकाचा महामार्ग, दुसऱ्या अंगाला 82 वी अव्हेन्यू, तिच्यावर जुन्या मोटारींच्या विक्रीची मैदानंच्या मैदानं. दिवसभर डांबर तापतं आणि रात्री ते परत घरांवर फेकतं. बळी घेते ती रात्र. दिवसा दमलेल्या शरीराला रात्री गार व्हायला वेळ मिळाला नाही की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते हार मानतं.

एकट्या मल्टनोमा काउंटीत सुमारे 70 माणसं उन्हाने गेली. बहुतेक जण साठीपुढचे, बहुतेक एकटे राहणारे, आणि जवळजवळ कोणाच्याच घरात चालू वातानुकूलन नव्हतं. आणखी एक गोष्ट इथे टाळून पुढे जाता येणार नाही: मृतांत बहुसंख्य गोरे होते. वांशिक समन्यायाच्या विरोधकांनी हा आकडा पुढे केला, आणि समर्थकांतले काही जण त्यावर बोलायचं टाळत होते. मला वाटतं टाळायचं काहीच कारण नाही. पोर्टलंडचे म्हातारे लोक मोठ्या संख्येने गोरे आहेत. गरीब, एकटा, तिसऱ्या मजल्यावरच्या कोंदट खोलीतला गोरा म्हातारा आणि 'द नंबर्स'मधली कृष्णवर्णीय आजी एकाच उन्हात सापडले, कारण ज्या भागांत सावली नाही, गुंतवणूक नाही, तिथेच स्वस्त भाड्याची घरं असतात. लाल रेघ ज्यांच्यासाठी ओढली गेली त्यांना तिने जाळलंच, पण पुढे त्या रेघेच्या आत जो कोणी भाडं परवडतं म्हणून आला, त्यालाही सोडलं नाही. निधीच्या कायद्यात 'अल्प उत्पन्न गट आणि गोरेतर समाज' असे दोन्ही शब्द होते, हे त्या उन्हाळ्यानंतर फार उपयोगी पडलं.

आमाच्या खिडकीतलं यंत्र

शहराने ठरवलं की पाच वर्षांत 15,000 गारवा-यंत्रं गरजू घरांत मोफत बसवायची, पैसा याच निधीतून. 2022 च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. यंत्रं वाटायला वस्त्यांतल्या संस्था नेमल्या, कारण घराचं दार कोणाला उघडायचं हे भाषेवर ठरतं. पूर्व पोर्टलंडमध्ये रशियन, व्हिएतनामी, स्पॅनिश, सोमाली, नेपाळी अशा भाषा एकाच इमारतीत ऐकू येतात. राज्यानेही त्याच वर्षी कायदा केला, की घरमालकाने भाडेकरूला असं यंत्र लावायला सरसकट मनाई करायची नाही. त्याआधी कित्येक करारांत खिडकीत काही लावायची बंदीच असे.

माझी एक मैत्रीण अशा वाटपाला जायची. भूतानहून निर्वासित होऊन आलेली नेपाळीभाषक कुटुंबं त्या बाजूला बरीच आहेत, म्हातारी माणसं हिंदी समजतात, म्हणून ती मला एकदा सोबत घेऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरचं पश्चिमेला तोंड असलेलं घर. आत सत्तरी ओलांडलेल्या आमा (नेपाळीत आई) आणि त्यांचा नातू. यंत्र म्हणजे कमरेएवढा पांढरा डबा, मागे हत्तीच्या सोंडेसारखी नळी. खिडकी अर्धी सरकवायची, फटीत फळी बसवायची, नळीचं तोंड फळीच्या भोकात अडकवायचं. बसवायला अर्धा तास लागला. गार वारा आला तसा नातू त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

आमा उठल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच हिंदीत विचारलं, "बेटी, बिजली का पैसा कौन देगा?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मैत्रिणीने वीज कंपनीच्या सवलतीचा अर्ज काढून दिला, आम्ही तो भरला. पण तो प्रश्न मला आजही या सगळ्या योजनेच्या मर्मावरचा वाटतो. फुकट मिळालेलं यंत्र बिलाच्या धास्तीने बंद राहिलं तर ते खिडकीतलं फर्निचर. म्हणून भिंतीत उष्णतारोधक भरणं, घर गार आणि उबदार दोन्ही करणारा, कमी वीज खाणारा हीट पंप बसवणं, अंगणात झाड लावणं ही संथ कामं यंत्राइतकीच निकडीची आहेत, आणि त्यांना मोफत यंत्रांसारखी टाळी मिळत नाही.

पैसा वाढला तशी ओढाताण

वाट सरळ नव्हती. 2021 च्या अखेरीस गारवा-यंत्रांसाठीच एका नव्या संस्थेला सुमारे 1.2 कोटी डॉलरचं अनुदान मंजूर झालं. तिच्या प्रमुखाला पूर्वी आर्थिक फसवणुकीबद्दल शिक्षा झाल्याचं वृत्तपत्राने उघड केलं आणि अनुदान मागे घ्यावं लागलं. मार्च 2022 मध्ये शहराच्या लेखापरीक्षकांचा अहवाल आला: निधीकडे कार्बन किती कमी करायचा याची ठोस उद्दिष्टं नाहीत, यश मोजायची पद्धत अपुरी. टीका रास्त होती. लहान संस्थांना पैसा द्यायचा तर हिशेब ठेवायला लागणारी माणसंही द्यावी लागतात. पिढ्यान् पिढ्या अनुदानाबाहेर ठेवलेल्या वस्तीकडून पहिल्याच वर्षी बड्या संस्थेसारखी कागदपत्रं मागितली की पुन्हा बड्याच संस्था आत येतात. आणि कागदपत्रं मागितलीच नाहीत तर गरिबांचाच पैसा बुडतो. ही दोरी ताणून धरणं सोपं नाही. ज्यांनी हे काम तळातून केलंय त्यांनाच ते कळतं.

ऑक्टोबर 2022 मध्ये कायदा बदलला. नगर परिषद सदस्य कार्मेन रुबियो यांनी पुढाकार घेतला. ठरलेल्या टक्केवाऱ्या गेल्या, त्या जागी पंचवार्षिक गुंतवणूक आराखडा आला, आणि वाहतूक, वृक्षारोपण असे विषय वाढले. 2023 मध्ये 75 कोटी डॉलरचा पहिला पंचवार्षिक आराखडा मंजूर झाला. एकट्या झाडांसाठी 4 कोटी, उघड्या-बोडक्या भागांना आधी.

आकडे वाचताना थांबावंसं वाटतं. मतदानाच्या वेळी वर्षाला सुमारे 3 कोटी डॉलरचा अंदाज होता. प्रत्यक्षात उत्पन्न काही वर्षांतच त्याच्या कितीतरी पट झालं. 2023 च्या अखेरीस पंचवार्षिक अंदाज आणखी 54 कोटींनी वाढला, पुढे एकूण आकडा दीड अब्जावर गेला. त्याच काळात शहराच्या बाकीच्या अंदाजपत्रकाला मात्र भोकं पडत होती. उद्यान खातं, वाहतूक खातं, सगळ्यांची नजर या पेटीवर गेली, आणि वाढीव रकमेचा मोठा हिस्सा शहराच्या खात्यांकडे वळलाही.

इथे मी कोणाच्या बाजूची आहे हे सांगून टाकते. शहराच्या खात्याने पूर्वेला पदपथ बांधला, झाडं लावली, तर ते हवंच आहे. पण ते काम शहराने 1990 पासून आपल्या नेहमीच्या पैशातून करायचं होतं. नेहमीचा पैसा काढून घेऊन तिथे हा निधी भरला, तर वस्तीच्या हाती जास्तीचं काहीच आलं नाही. टक्केवाऱ्या कायद्यातून निघाल्या तेव्हा लवचीकपणा हवा असं कारण दिलं गेलं, आणि ते पटण्यासारखंही होतं. पण आकडे गेल्याने पेटीची एक कडी ढिली झाली, हे नाकारता येत नाही. उरलेली कडी म्हणजे नऊ जणांची समिती. शिफारस तिची, अंतिम मत नगर परिषदेचं.

नगर परिषदही आता बदलली आहे. जानेवारी 2025 पासून शहराचे चार विभाग झाले, प्रत्येकातून तीन सदस्य. पूर्व पोर्टलंडचा पहिला विभाग. आजवर परिषदेत त्या भागातून आलेले लोक बोटावर मोजण्याइतके होते, आता तीन खुर्च्या कायमच्या.

त्याच वर्षी जूनमध्ये, रुग्णालयाच्या विस्तारासाठी ज्यांची घरं पाडली त्यांच्या 26 वंशजांना 85 लाख डॉलर भरपाई द्यायला परिषदेने एकमताने मंजुरी दिली. पाडकामाला पन्नासहून अधिक वर्षं झाली होती.

मी आमांकडे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेले, मैत्रिणीसोबत, उगाचच. यंत्र चालू होतं, पण मंद. वीजबिलात सवलत लागू झाली होती. आमांनी फ्रिजजवळ लावलेलं कॅलेंडर दाखवलं. त्यावर दर महिन्याच्या पानाच्या कोपऱ्यात नातवाने पेन्सिलीने बिलाचा आकडा लिहिला होता. जुलैच्या आकड्याभोवती गोल होता. "इतना चलेगा," त्या म्हणाल्या, आणि चार वाजता ऊन खिडकीवर आलं तेव्हा उठून त्यांनी स्वतःच्या हाताने यंत्राचं बटण एक घर पुढे सरकवलं.